काळोखातलं दार: एका भयखेळाचा मागोवा

पडदा काळा होतो. मधोमध एक दार उरतं. त्याला भिंत नसते, घर नसतं, काळोखात नुसतं दार उभं. ते सावकाश जवळ येतं, मूठ फिरते, बिजागरी कुरकुरते, फळी आत सरकते आणि तिच्यामागच्या काळ्याशार पोकळीत आपण ओढले जातो. मगच पुढची खोली दिसते. २२ मार्च १९९६ रोजी जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'रेसिडेंट ईव्हिल' हा खेळ सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. जपानात त्याचं नाव 'बायोहॅझर्ड'. तेव्हापासून हे दार भयखेळ खेळणाऱ्यांच्या मनात पक्कं बसलं आहे. दार उघडत असताना खेळणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. मागे फिरता येत नाही, बंदूक रोखता येत नाही. दार आपल्या गतीनं उघडणार, तोवर आपण थांबायचं.

हे दार आलं कुठून, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. सीडीवरची माहिती वाचायला वेळ लागायचा, तो वेळ झाकायला दाराचं दृश्य घातलं. उत्तर खोटं नाही. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी दोन मेगाबाइट, आणि तिची सीडी सेकंदाला साधारण तीनशे किलोबाइट वाचायची. सगळी मेमरी नव्यानं भरायची म्हटली तर सातएक सेकंद हवेत. एका खोलीतून दुसरीत जाताना नवं चित्र, नवे आवाज, नवी संकटं आणायची तर मधे काही क्षण रिकामे जाणारच. त्या वेळात 'थांबा' अशी पाटी दाखवण्यापेक्षा दार दाखवलेलं बरं. पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. कारण हे दार प्लेस्टेशनच्या आधीचं आहे, आणि पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा सीडी नव्हतीच.

१९८९ साली जपानात 'स्वीट होम' नावाचा भयपट आला. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा, निर्माते जुझो इतामी. मामिया नावाच्या चित्रकाराच्या ओसाड वाड्यात त्याची भित्तिचित्रं टिपायला पाच जण जातात आणि घराची मालकीण, जी केव्हाच मेली आहे, त्यांना बाहेर पडू देत नाही, अशी गोष्ट. त्याच वर्षी डिसेंबरात कॅपकॉमनं याच नावाचा खेळ निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. तो तोकुरो फुजिवारा यांनी घडवला. पाच माणसं, प्रत्येकाकडे एकेक वस्तू. एकाकडे लायटर, एकीकडे औषधाची पेटी, एकाकडे कॅमेरा, एकीकडे किल्ली, आणि एकीकडे चक्क व्हॅक्यूम क्लीनर. फुटलेल्या काचांच्या ढिगातून वाट काढायची तर तोच लागतो. जवळ फार काही बाळगता येत नाही, त्यामुळे काय घ्यायचं आणि काय टाकायचं याचा घोर सतत लागलेला. मेलेला माणूस परत येत नाही, त्याचं काम उरलेल्यांनी कसंबसं निभावायचं.

हा सगळा खेळ वरून पाहिल्यासारखा दिसतो, बुटकी माणसं चौकोनी खोल्यांतून फिरत असतात. पण दाराशी गेलं की नजर एकदम बदलते. दार पडदाभर समोर येतं आणि उघडतं. फॅमिकॉमचा खेळ काडतुसात, म्हणजे आपण जिला कॅसेट म्हणायचो तिच्यात असायचा. त्यातली माहिती यंत्राला हाताशीच असते, सीडीसारखी वाट पाहावी लागत नाही. तरीही फुजिवारांनी खेळणाऱ्याला दारात उभं केलं. म्हणजे या दाराचा जन्म यंत्राच्या संथपणातून झालेला नाही. भीती वाटावी म्हणूनच ते घातलं. सात वर्षांनी संथ सीडीला आडोसा हवा होता, तेव्हा घरातलंच तयार दार कामी आलं. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचं काहीच नीट उलगडत नाही.

इथं आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. १९९०च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यात वाढलेल्या पोरांना फॅमिकॉम हे नाव ठाऊक नसेल, पण यंत्र ठाऊक आहे. 'टीव्ही गेम' म्हणून घराघरांत जे आलं ते बहुतेक फॅमिकॉमची नक्कलच होतं. 'मारिओ', 'काँट्रा', रणगाड्यांचा 'बॅटल सिटी', बंदुकीनं बदकं टिपायची तो खेळ. कॅसेटवर आकडा लाखांत छापलेला आणि आत तेच पंधरा-वीस खेळ फिरून फिरून यायचे. दुसरीकडे व्हिडिओ पार्लरमध्ये नाणी टाकून पोरं 'मुस्तफा' खेळत. तो खेळ म्हणजे १९९३चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', तोही कॅपकॉमचाच. यंत्र आपल्याकडे होतं, कंपनी आपल्याकडे होती, पण 'स्वीट होम' आला नाही. तो जपानबाहेर अधिकृतपणे कधी विकलाच गेला नाही. त्यातलं सगळं लिखाण जपानी, आणि खेळ वाचत वाचत पुढे न्यायचा. पुढे हौशी लोकांनी त्याचं इंग्रजी केलं तेव्हा कुठे बाहेरच्यांना कळलं की 'रेसिडेंट ईव्हिल'चं घराणं एवढं जुनं आहे. मला याची खरी हळहळ वाटते. त्या टीव्ही गेमनं आपल्याला उड्या मारायला आणि गोळ्या झाडायला शिकवलं. त्याच यंत्रात एखाद्या दाराशी थबकायला लावायचीही ताकद होती, ती आपल्याला दिसलीच नाही.

दार आणि भीती यांची सोयरीक खेळांत आणखी मागे नेता येते. १९८२ साली अटारीच्या यंत्रावर 'हाँटेड हाउस' आला. त्यात खेळणारा म्हणजे काळोखातले दोन डोळे, एवढंच. एका वेळी एकच वस्तू उचलता येते, उजेडाला काड्यापेटी, कुलूपबंद दारांना किल्ली. आणि १९९२ साली फ्रान्सच्या इन्फोग्राम्स कंपनीसाठी फ्रेडरिक रेनाल यांनी 'अलोन इन द डार्क' बनवला. डर्सेटो नावाच्या बंगल्याच्या माळ्यावर खेळ सुरू होतो. सुरू होताच शहाण्यानं करायचं काम म्हणजे खिडकीसमोर कपाट सरकवायचं आणि जमिनीतल्या झडपेवर जड पेटी ओढायची. दार उघडण्याआधी दार अडवणं आलं! गावाकडं वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. बाहेर कुत्री वेगळ्या सुरात भुंकायला लागली की आगळ नीट बसली आहे ना, हे उठून बघणारी माणसं अजून आहेत.

रेनाल यांची युक्ती पुढच्या सगळ्यांना उपयोगी पडली. खोली म्हणजे आधीच तयार केलेलं एक स्थिर चित्र, कोपऱ्यातून किंवा छतावरून पाहिलेलं, आणि त्याच्यापुढे हलणारी माणसं मात्र यंत्र त्या त्या क्षणी घडवणार. मग फुजिवारांनी कॅपकॉममधल्याच शिंजी मिकामींना बोलावून 'स्वीट होम'ची रीत नव्या यंत्रावर आणायला सांगितलं. 'रेसिडेंट ईव्हिल'चं काम असं १९९३ साली सुरू झालं. मिकामींना भीतीचं वावडं होतं आणि नेमकी म्हणूनच त्यांची निवड झाली, असं फुजिवारांनी नंतर सांगितलं आहे. ज्याला भीती वाटतच नाही त्याला कशानं वाटेल ते कसं कळणार, हा त्यांचा हिशेब मला फार पटतो. आधी मिकामींनी खेळणाऱ्याच्या डोळ्यांतून दिसणारा बंगला करून पाहिला, पण हवी तशी खोली त्या यंत्राला पेलेना. तेव्हा ते स्थिर चित्रांकडे वळले.

कोल्हापूरच्या माणसाला ही रीत परकी वाटू नये. पुढे सिनेमाकडे वळलेले बाबूराव पेंटर आणि त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव यांचा आधीचा धंदा संगीत नाटकांचे पडदे रंगवण्याचा. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर, आणि त्याच्यापुढे जिवंत नट. प्रेक्षक एका जागी बसलेला, त्याच्या जागेवरून दिसेल तेवढंच दृश्य त्याचं. 'रेसिडेंट ईव्हिल'चा बंगला असाच पडद्यांनी उभा केलेला आहे. फरक एवढाच की इथं नट आपण चालवतो, पण कुठून बघायचं हे आपल्याला ठरवता येत नाही. बोळाच्या वळणापलीकडे काहीतरी घसटत चालल्याचा आवाज येतो, आणि कॅमेरा आपल्याला ते वळण दाखवत नाही. कॅमेरा खोलीगणिक बदलतो म्हणून चालण्याची तऱ्हाही निराळी ठेवावी लागली. वरचं बटण म्हणजे पडद्यावर वर नव्हे, तर त्या माणसाच्या नाकासमोर. बाजूची बटणं त्याला जागच्या जागी वळवतात. रणगाड्यासारखी चाल म्हणून तिला नावं ठेवली गेली. मी मात्र तिच्या बाजूनं बोलेन. घाबरलेलं माणूस खरोखर असंच अवघडून वळतं, आणि समोर मुडदा चालून येताना पाठ फिरवायला लागणारा तो एक सेकंद अंगावर येतो.

बाकीची तंगीही तशीच मुद्दाम राखलेली. खेळताना निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी ख्रिसच्या खिशात सहा वस्तू, जिलच्या आठ. गोळ्या मोजक्या. खेळ जिथवर आला तो जपून ठेवायचा तर टाइपरायटर शोधायचा आणि त्याला शाईची फीत लागते, तीही गणतीची. 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव याच खेळानं स्वतःसाठी घेतलं आणि पुढे सगळ्या कुळाला ते चिकटलं. मारण्यापेक्षा निभावण्याचा खेळ.

या सगळ्यात दाराचं काम काय? दार दिलासा द्यायचं. पलीकडे गेलं की मागचं संकट मागे राहिलं, हा खेळाचा अलिखित करार होता. मागची खोली यंत्राच्या मेमरीतून पुसलीच गेलेली असायची, तिथला मुडदा येणार कुठून? १९९९च्या तिसऱ्या भागात हा करार मोडला. नेमेसिस नावाचा राक्षस खोलीतून खोलीत पाठलाग करत येतो. आपण दार ओलांडून सुस्कारा सोडतो आणि मागून तेच दार पुन्हा वाजतं. तीन वर्षं पढवलेली सवय एका फटक्यात उलटवली. भयखेळांच्या इतिहासात याहून हुशार चाल मला आठवत नाही.

त्याच वर्षी कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' आला. केइचिरो तोयामा यांनी चित्रांचे पडदे टाकून देऊन सगळं गाव खरंखुरं उभं करायचं ठरवलं. प्लेस्टेशनला ते दूरवर दाखवणं जमेना, म्हणून सगळीकडे धुकं सोडलं, आणि त्या धुक्यानंच गाव गाजवलं. आमच्या आंबा घाटात जुलैत गाडी चालवणाऱ्याला त्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. तिथल्या दारांची गंमत अशी की बहुतेक उघडतच नाहीत. कुलूप तुटलंय, दार अडकलंय, पुढे चला. बोळात आठ दारं, त्यातलं उघडणार एखादंच. ते उघडेपर्यंत आपण बाकीच्या सातांच्या मागे काय असेल ते स्वतःच रचलेलं असतं.

मग यंत्रं वाढली. २००५च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४'मध्ये नायक लाथ मारून दार उघडतो, तेही डोळ्यांदेखत. खेळ उत्तम आहे, पण तिथं आपण घाबरून निभावणारे उरलो नाही, धावून जाणारे झालो. काळोखातलं दार गेलं. सीडीचा आडोसा एवढंच त्याचं काम असतं, तर ते तिथंच कायमचं संपायला हवं होतं.

ते संपलं नाही. १९९६चा खेळ मिकामींनी २००२ साली नव्यानं घडवला, त्यातही दारं ठेवली. उलट काही दारांच्या मुठी सैल केल्या, फार वापरलं तर मूठ निखळते आणि ती वाट बंद. हाच नवा अवतार २०१५ साली आणखी उजळून आजच्या यंत्रांवर आला. त्या यंत्रांना पुढची खोली आणायला काहीच सायास पडत नाहीत, तरी दार तेवढ्याच संथपणे उघडतं. आणि गेल्या आठ-दहा वर्षांत छोट्या छोट्या मंडळींनी जुन्या धाटणीचे भयखेळ बनवायला घेतले. हॅम्बुर्गच्या दोघांनी केलेला 'सिग्नालिस' (२०२२), त्यात खिशात पुन्हा सहाच वस्तू. चिलीतून आलेला 'टॉर्मेंटेड सोल्स' (२०२१), त्यात पुन्हा कोपऱ्यातला हट्टी कॅमेरा. बेल्जियमच्या कॅस्पर क्रूस यांचा 'अलिसा' (२०२१), त्यात बाहुलीघर, रणगाड्याची चाल आणि खोल्यांमधलं दारही. 'क्रो कंट्री' (२०२४) तर बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानात घडतो. जत्रेतल्या भूतबंगल्याच्या कापडी दारातून धिटाईनं आत गेलेल्या कुणालाही तो आपला वाटेल.

ही मंडळी प्लेस्टेशनचे दोषसुद्धा हातानं पुन्हा घालतात. त्या यंत्राला बिंदूची जागा अपूर्णांकात धरता येत नसे, म्हणून आकृत्यांच्या कडा थरथरत. पृष्ठभागावरचं चित्र लावताना ते जवळ-दूरचा हिशेब करत नसे, म्हणून जवळून पाहिलं की फरशी वाकडी व्हायची. आज हे घडवायला मुद्दाम वेगळं काम करावं लागतं. लोक याला जुन्या दिवसांची ओढ म्हणतात. पण हे खेळ खेळणाऱ्यांत कितीतरी जण १९९६ नंतर जन्मलेले आहेत, त्यांना त्या दिवसांची आठवण असण्याचं कारण नाही.

माझा पुतण्या त्यातलाच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी येईल त्याचा भरवसा नसतो. लॅपटॉपच्या बॅटरीवर तो १९९६च्या बंगल्याचा तो उजळलेला अवतार खेळत होता. जेवायला हाक मारायला गेलो तर मान वर न करता म्हणाला, "काका, थांबा की जरा, दार उघडायलंय." ही दारं वगळायची सोय हौशी लोकांनी करून ठेवली आहे, आणि ती त्यालाही ठाऊक आहे. घाईनं खेळ संपवणारे ती वापरतात. तू का नाही वापरत, असं विचारलं. म्हणाला, "मग आत काय असंल म्हणून भ्या कवा वाटायचं?"

त्याच्या बोलण्यात या दाराचं सगळं मर्म आलं. खोलीत जे असतं ते एकदा दिसलं की त्याच्याशी दोन हात करता येतात. भीती असते ती दिसण्याच्या आधीच्या क्षणात, आणि तो क्षण ताणायला दार लागतं. सिनेमात दार पात्र उघडतं, आपण खुर्चीत सुरक्षित. खेळात बटण आपण दाबलेलं असतं. आत जायचं आपणच ठरवलं, आणि ठरवल्यावर निर्णय मागे घ्यायची सोय नाही.

शाहूवाडी तालुक्यातल्या जुन्या कौलारू घरांत हे दार मी रोज ओलांडत आलो आहे. सोप्यातून माजघरात जाताना चौकट एवढी बुटकी की मान वाकवल्याशिवाय पाऊल आत पडत नाही. म्हणजे आत शिरताना डोळे जमिनीकडे. वर पाहावं तोवर बाहेरच्या उजेडाला सरावलेल्या नजरेला माजघर नुसतं काळं दिसतं. मग हळूहळू कणगी दिसते, उतरंड दिसते, कोपऱ्यात बसलेली आजी दिसते. प्लेस्टेशन पुढची खोली सीडीवरून जशी टप्प्याटप्प्यानं आणायचं, तसंच डोळे हे माजघर आणतात. विशाळगड जहागिरीच्या काळापासून वाडे पाहिलेल्या मलकापुरात तर दिंडी दरवाजाची ओळख कुणाला करून द्यायला नको. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचनालयातून आणून आम्ही वाचल्या त्या असल्याच घरांत. रात्री पाणी प्यायला उठायचं म्हटलं की पुस्तकातलं दार आणि माजघराचं दार वेगळं राहत नसे.

ही घरं आता झपाट्यानं जात आहेत. स्लॅबच्या घरात फ्लश डोअर बसतं. ते चांगलं असतं, वाळवी सहसा लागत नाही, पावसात फारसं फुगत नाही. पण त्याला आवाज नसतो. सागवानी फळीची कुरकुर, आगळ खोबणीत सरकताना होणारी घरघर, कडी कोयंड्यावर आपटल्याचा ठणका, हे आवाज आणखी काही वर्षांनी शोधूनही मिळणार नाहीत. म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे, विशेषतः इंजिनिअरिंग किंवा आयटीआय करणाऱ्या आणि रात्रभर असले खेळ खेळणाऱ्या पोरापोरींना. घर पाडायला काढण्याआधी त्याची दारं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. एकदा सावकाश उघडून, एकदा झटक्यात, एकदा आतून कुणीतरी ढकलतंय असं. ओल्या पावसात फुगलेलं दार वेगळं बोलतं, चैत्रात वाळलेलं वेगळं, तेव्हा दोन्ही ऋतूंत घ्या. चौकटीचं माप लिहा, चारही बाजूंनी फोटो काढा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' हा खेळ २०२० साली जगभर नेला, तेव्हा इथून खेळ बनत नाहीत असं म्हणायची सोय उरलेली नाही. 'ब्लेंडर' आणि 'गोडो' ही साधनं फुकट मिळतात आणि जुन्या धाटणीच्या खेळाला महागडं यंत्र लागत नाही. पहिल्या प्रयत्नाला घराचा सोपा, माजघर आणि परडं एवढ्या तीन जागा घ्या. तीन स्थिर चित्रं, खिशात चार वस्तू, एक कंदील. दोन दारं लागतील, आणि परड्याकडचं दार आतून आगळ घालता येईल असंच ठेवा.